एका माणसाचे दोन डोळे

९ फेब्रुवारी

थोरल्या जाऊबाईंना,

लग्न न होताच मला जाऊ मिळाली, असं घरी आल्या आल्या वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "ऑपरेशन डोळ्याचं झालंय की डोक्याचं?" मग तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. आपल्या खाटा शेजारी शेजारी होत्या, आधी तुम्हाला आत नेलं आणि मग मला, आणि त्या बोलक्या नर्सच्या तोंडून निसटलं की आपल्या दोघींच्या वाट्याला आलेल्या दोन काचा एकाच माणसाच्या होत्या. तुमचं ते बोलणंही सांगितलं, "म्हणजे आपण दोघी एकाच घरात दिलेल्या. मी आधी आत गेले, तेव्हा मी थोरली." वहिनी हसली आणि मग पदराने डोळे पुसत बसली. तिला मी म्हटलं, "तू खुशाल चोळ तुझे, मला बंदी आहे."

हे पत्र मी नव्या डोळ्याने लिहितेय, म्हणून अक्षर बोराएवढं आहे. टाके अजून टोचतात. वहिनीला समजावं म्हणून मी सांगितलं की घड्याळाची काच खराब झाली की बदलतात ना, तसं हे आहे. बुबुळावरची डागाळलेली गोल चकती काढली, गेलेल्या माणसाची स्वच्छ चकती तिथे बसवली आणि केसाहून बारीक धाग्याने चहूबाजूंनी शिवली. माझ्या बुबुळावर नुसतं फोड येण्याचं निमित्त झालं होतं. तो बरा झाला, पण जाताना पांढरा डाग ठेवून गेला. तुमच्यासारखा गिरणीच्या दगडाचा कपचा उडून आला असता, तर मी रडून दवाखाना डोक्यावर घेतला असता.

जाऊबाई, निघताना डॉक्टरांनी सांगितलेलं विसरू नका. शरीराला कधीही, अगदी वर्षाने सुद्धा, उमगू शकतं की हा पाहुणा आपला नाही, आणि मग ते त्याला हाकलायला उठतं. डोळा लाल झाला, दुखला, उजेड टोचायला लागला किंवा धूसर दिसलं, यातलं एक जरी झालं तरी तडक निघायचं. लवकर पोचलं तर औषधाच्या थेंबांनी सावरतं. दोघींचाही दुसरा डोळा लहानपणापासूनच अधू. तेव्हा आपल्याला हा एकच समजायचा.

नावेने गाठायच्या तुमच्या गावाला माझं पत्र कधी पोचेल कोण जाणे. पोचल्यावर लिहा.

तुमची धाकटी


२७ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र मी स्वतः वाचलं. कुणाच्या तोंडून नाही. दारात उन्हाकडे पाठ करून बसले आणि एकेक अक्षर वेचलं. मध्येच आमचे हे येऊन म्हणाले, "द्या, वाचून दाखवतो." मी म्हटलं, "हात लावून तर बघा."

थेंब वेळच्या वेळी चालू आहेत. म्हणजे हे घालतात. एक थेंब डोळ्यात जातो आणि तीन कानात. त्यात तोंडाचा पट्टा चालूच, तोंड बंद ठेवून हात चालवणं त्यांना जन्मात जमलेलं नाही. गिरणी सुरू असली तरी बोलतात, वर मोटारीच्या आवाजावर आवाज चढवून. लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, चार दिवसांचा उत्साह आहे, ओसरेल. अजून वाट बघतेय.

मला गिरणीत पाऊल टाकू देत नाहीत. सूनबाई आणि हे मिळून दळण सांभाळतात. मुलगा बोटीवर, वर्षाकाठी एकदा उगवणार. मी दारात बसून डबे बघते. गव्हाचं पीठ कुठलं नि मक्याचं कुठलं, हे मला चिमटीला कळायचं. आता लांबून रंगावरून कळतं, आणि ते उगाचच दहादा बघते.

एक विचारायचं होतं. नर्स म्हणाली होती ना, तो माणूस पुरुष होता? मग खरंच आहे. आल्यापासून मला घरातली जळमटं दिसतच नाहीत. सूनबाई म्हणते, "आई, कोपऱ्यात बघा किती." मी म्हणते, "पुरुषाचा डोळा आहे बाई, त्याला कोपरे दिसत नाहीत."

पण कधी वाटतं, त्याच्या घरी कोण असेल? त्याने शेवटचं काय पाहिलं असेल? यांना विचारलं तर म्हणाले, "चांगलंच पाहिलं असणार, नाहीतर दोन्ही डोळे असे वाटून का गेला असता?" कधीकधी बरं बोलतात.

थोरली


२० मार्च

जाऊबाई,

कामावर रुजू झाले. छापखान्याच्या मालकांनी आधी जाहिरातीची मोठ्या अक्षरांची मुद्रितं तपासायला दिली, लहान मुलाला उकळलेलं पाणी द्यावं तशी. दुपारी मीच उठून शब्दकोशाची पानं उचलली. तिसऱ्या ओळीत दुसऱ्या वेलांटीच्या जागी पहिली पडली होती. मी तिला लाल खूण केली आणि तशीच बघत बसले. खिळे जुळवणारा जुळारी म्हणाला, "एवढी काय आवडली चूक?" त्याला काय सांगू!

आरशात मात्र निराशा झाली. डाग पडला तेव्हा मी वेगळीच दिसत होते. मधल्या वर्षांची कुणीतरी बाई परस्पर आत येऊन राहिलीय.

डॉक्टरांनी तपासलं. काच स्वच्छ आहे म्हणाले. मी तुमचंही विचारलं. "तिला तपासणीला यायला सांगा, तारीख उलटली," म्हणाले. का गेला नाहीत? नाव, मग गाडी, मग पुन्हा गाडी, मला ठाऊक आहे. पण तुमच्या मालकांना घेऊन या आणि आमच्याकडेच उतरा. त्यांचं बोलणं ऐकायला वहिनी आतुर आहे. आमच्या घरात बोलणारं माणूस नाही.

धाकटी


११ एप्रिल

धाकटे,

तपासणीला निघायचं ठरलं होतं. गाठोडं बांधून झालं होतं. सकाळी हे गिरणीत गेले, मोटार सुरू केली, मला हाक मारली आणि हाक अर्धीच राहिली. सूनबाई धावली. पट्ट्यापासून हातभर अंतरावर पडले होते, नशीब म्हणायचं. उजवी बाजू गेली. वाचाही गेली. इथले डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्त साकळलंय.

डाव्या हाताने खुणा करतात. पाणी हवं, कूस बदला, खिडकी लावा. मला कळलं नाही की चिडतात. मग रडतात. या माणसाला मी आयुष्यात कितीदा म्हटलं असेल, "जरा गप्प बसा हो."

आता गिरणी सूनबाई एकटी ओढते. गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावायला लोकांकडून माणूस मागून आणावा लागतो. मी मध्ये मध्ये जाते, दळणं मोजून देते.

माझं ठीक आहे. डोळा थोडा लाल आहे, पीठ उडून गेलं असणार. स्वच्छ पाण्याने धुतला. खिडकीचा उजेड टोचतो, म्हणून पडदा ओढून घेते. त्यांनाही अंधारच बरा वाटतो. तू काळजी करू नकोस.

थोरली


१९ एप्रिल

जाऊबाई,

पत्र आत्ता मिळालं. वाचताच तार केली, पण तारही तुमच्याकडे टपालाच्याच नावेतून येणार, असं पोस्टातला बाबू सांगतो. म्हणून हे पत्रही टाकतेय. जे आधी पोचेल त्याचं ऐका.

ते पीठ नाही. लाल झालाय, उजेड टोचतोय. तुमच्या जागी मी असते तर तुम्हीच माझ्या पाठीत रपाटा घातला असता. मी तशीच डॉक्टरांकडे गेले. पत्रातली ओळ वाचून दाखवली. ते म्हणाले, "किती दिवसांचं पत्र आहे?" मी तारीख सांगितली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "इथे असती तर आत्ता तासातासाला थेंब सुरू केले असते. मी इथून काय करू?"

थेंबांची बाटली वेगळ्या पुडक्यात पाठवलीय. पण न तपासता नुसत्या थेंबांवर भरवसा नाही, असं त्यांनी बजावलंय. मालकांपाशी कुणालातरी बसवा. शेजारीण, नात्यातलं कुणी, पैसे देऊन कुणी बाई. मी स्वतः यायला निघाले होते, पण माझा एक टाका सैल झालाय आणि डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केलीय.

जाऊबाई, निघा. हात जोडते.

धाकटी


२ मे

धाकटे,

तुझी तार, पत्र, बाटली सगळं मिळालं. हे पत्र सूनबाईच्या हातून लिहून घेतेय, कारण माझे हात यांच्यापाशी अडकलेले असतात. अक्षर तिचं, शब्द माझे.

डोळा निवळला. थेंब घातले आणि दोन दिवसांत लाली गेली. इथल्या डॉक्टरांनीही बॅटरी मारून पाहिलं, छान आहे म्हणाले. तू उगाच घाबरलीस आणि मलाही घाबरवलंस. आता उजेडही टोचत नाही.

हे आहेत तसेच आहेत. तू तुझ्या टाक्याकडे बघ.

थोरली


१५ मे

जाऊबाई,

तुमचं पत्र वहिनीला दोनदा वाचून दाखवलं. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. भावाने तर चक्क तोंड उघडलं, "बरं झालं," म्हणाला. त्याच्या हिशेबी हे भाषणच.

माझा सैल टाका काढून टाकला. आता बारीक टाइपही वाचते. काल संध्याकाळी गच्चीवर गेले तर समोरच्या घरावर कबुतरं बसली होती. पूर्वी तिथे राखाडी पट्टा दिसायचा. त्या पट्ट्याला चोची होत्या, हे कळल्यावर मी वेड्यासारखी हसत सुटले. तुम्हीही काहीतरी असं बघत असाल. लिहा ना, काय काय बघता ते.

मालकांना माझा नमस्कार. त्यांना म्हणावं, बोलणं परत आलं की पहिलं भाषण आमच्याकडे.

धाकटी


३० ऑगस्ट

काकूंना सूनबाईचा नमस्कार.

तुमची मध्ये दोन पत्रं आली. दोन्हींना उत्तर नाही गेलं. आज मी आईंना न विचारता लिहितेय. त्या आत बाबांपाशी आहेत.

मे महिन्यात ते पत्र मी लिहिलं होतं. आई सांगत होत्या, "लिही, डोळा निवळला," आणि त्यांच्या डोळ्यातून पाणी गळत होतं, रडण्याचं नाही, दुखण्याचं. मी म्हटलं, "आई, खोटं कसं लिहू?" त्या म्हणाल्या, "तिने तिथे जीव टांगून बसावं का? मी काही जाऊ शकत नाही. यांना कूस कोण बदलणार? तुला गिरणी आहे. गिरणी बंद पडली तर औषधं कशाची?" मी लिहिलं. इथल्या डॉक्टरांनी डोळा कधी पाहिलाच नव्हता. थेंब मात्र बाटली संपेपर्यंत घातले.

आता बुबुळावर दुधावरच्या सायीसारखं पांढरं आलंय आणि त्यात लाल शिरा उतरल्यात. त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. माझ्याकडे बघून बोलतात असं वाटतं, पण भिंतीकडे बघत असतात.

त्याहून वाईट सांगते. जूनमध्ये बाबांना दुसरा झटका आला. डावा हातही गेला. आता मानेखालचं काही हलत नाही, नळीने भरवतो. पण डॉक्टर म्हणतात, समजतं सगळं. आणि खरंच समजतं. फक्त डोळे हलतात. मी विचारलं, "बाबा, पाणी?" तर एकदा डोळे मिटतात, म्हणजे हो. दोनदा मिटले की नको. दुखत असलं की डोळे वर फिरवतात.

मी दिवसभर गिरणीत. आई दिवसभर त्यांच्यापाशी. आई विचारतात, "थंडी वाजते का हो?" आणि बाबा उत्तर देतात. आईंना दिसत नाही. त्या पुन्हा विचारतात. बाबा पुन्हा मिटतात. परवा मी दळण ठेवून आत आले तर आई पांघरुणावर पांघरूण घालत होत्या आणि बाबा घामाने निथळत होते, डोळे मिटत होते, मिटत होते. मी दारातच बसले.

काकू, डॉक्टरांना विचाराल का, काही करता येईल का?

सूनबाई


१२ सप्टेंबर

जाऊबाई,

सूनबाई हे तुम्हाला वाचून दाखवेल. तिच्यावर रागावू नका. मला तुमच्यावर रागवायचंय, पण पत्राच्या चार ओळी खोडल्या आणि मग कळलं, की तिथे असते तर मीही काही वेगळं केलं नसतं. मी मे महिन्यात तुम्हाला कबुतरांच्या चोची लिहून पाठवल्या. तुम्ही ते पत्र कसं ऐकलं असेल, हा विचार करवत नाही.

डॉक्टरांकडे गेले होते. सूनबाईचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी पूर्ण वाचलं. म्हणाले, "पुन्हा बसवता येतं. पण पहिल्यासारखं नाही. शरीराला एकदा ओळख पटलीय आणि शिराही आत आल्यात. निम्म्यालाही निम्मी आशा म्हणा."

मी म्हटलं, "माझ्या डोळ्यातली काढून द्या. त्याच माणसाची आहे. माझ्याकडे टिकली, तिच्याकडेही टिकेल."

ते म्हणाले, "जिवंत माणसाच्या चालत्या डोळ्यातली काढत नाहीत, बाई. आणि काढली तरी तिथे तीच गोष्ट होईल. दोष काचेचा नव्हता."

"मग कशाचा होता?"

ते हात धुवायला उठले.

तर ऐका. नवी काच केव्हा येईल सांगता येत नाही, आली की ताबडतोब लागते. तुम्हाला इथे येऊन थांबावं लागेल. महिना, दोन महिने, जास्तही. ऑपरेशननंतर पुन्हा काही महिने तपासण्या. माझ्या खोलीत दुसरी खाट टाकलीय. वहिनी म्हणते, दोन्ही वेळचे थेंब ती घालेल, आणि तिचा नेम मालकांपेक्षा चांगला आहे. मी डॉक्टरांना तुमचं नाव देऊन ठेवलंय. येणार की नाही, ते पुढच्या महिनाअखेर कळवायचंय.

आशा थोडी आहे, पण आहे. डोळा आला तर मालकांचं उत्तर तुमचं तुम्हाला दिसेल. या.

धाकटी


८ ऑक्टोबर

धाकटे,

हे मी माझ्या हाताने लिहितेय. कागदावर पट्टी ठेवलीय आणि ती सरकवत लिहितेय. ओळी एकीवर एक चढल्या तर तूच लाव, तुझं तेच काम आहे. सूनबाईला ठाऊक नाही. टपालवाला दारात येतो तेव्हा त्याच्या हातात देईन, पत्ता तो घालेल.

तुझं पत्र तिने वाचून दाखवलं. वाचता वाचता म्हणाली, "आई, जा. गिरणी बंद ठेवू, बाबांना मी बघते." पोर खरंच करेल. बाईमाणूस एकटी दगड उचलायला शिकली ती.

मी म्हटलं, यांना विचारते.

मला आता त्यांचं उत्तर कळतं. त्या पांघरुणाच्या दिवसानंतर सुचलं. सूनबाई रडली, तेव्हा मी हात फिरवून त्यांचा चेहरा शोधला आणि एक बोट पापणीवर ठेवलं, हलकंच. आणि म्हटलं, "आता बोला." फुलपाखरू धरल्यासारखं वाटतं बोटाखाली. एकदा हललं, हो. दोनदा हललं, नको. दिवसभर तसेच बसतो आम्ही. मी सगळी जुनी भांडणं काढते. "तेव्हा चूक तुमची होती ना?" दोनदा. अजून दोनदाच, कबूल करत नाहीत.

तर मी बोट ठेवलं आणि विचारलं, "डोळ्यासाठी जाऊ का?" पापणी एकदा हलली. मला वाटलं, नीट समजले नसतील. म्हटलं, "पुष्कळ महिने जावं लागेल. उपयोग होईलच असं नाही. जाऊ?" पुन्हा एकदाच हलली. जोरात, जणू दटावतायत.

मग मी विचारलं, "मी परत येईपर्यंत तुम्ही असाल ना?"

पापणी हललीच नाही. एकदा नाही, दोनदा नाही. मी थांबले. किती थांबले. पापणी तशीच, आणि माझं बोट ओलं झालं.

सूनबाई आत आली, म्हणाली, "काय म्हणाले बाबा?"

मी म्हटलं, "नको म्हणतात."

त्यांनी ते ऐकलं. पापणीखाली काहूर माजलं नुसतं. मी बोट काढून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मध्येच तोडलं.

तू आता मला समजावू नकोस. तू लिहिलेलं ती वाचणार, हे लक्षात ठेव.

थोरली


२५ ऑक्टोबर

जाऊबाई,

पत्र मिळालं. सगळं लागलं. कुठे एक अक्षरही अडलं नाही.

आज दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरांना म्हटलं, त्या येणार नाहीत. त्यांनी विचारलं, "का?"

मी म्हटलं, "मालक नको म्हणाले."

त्यांनी यादीतलं तुमचं नाव खोडलं. मग म्हणाले, "बरं. बाहेर जाताना पुढच्या पेशंटला आत पाठवा."

सूनबाई, तू बाबांची आणि आईंची काळजी घेतेस, त्याला तोड नाही. थेंबांची नवी बाटली पाठवतेय, डोळा दुखतो त्याला उतार पडेल. दिसण्यासाठी नाही, नुसत्या दुखण्यासाठी.

तुमची धाकटी